अकरावीत शिकलेली शुश्रूषा

इथल्या हायस्कूलांमध्ये पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म आले की रविवारच्या आपल्या मराठी शाळेत, चहाच्या टेबलापाशी, एक प्रश्न मला हमखास येतो. "ताई, तुमच्या मुलीनं अकरावीत ते नर्सिंगचं काहीतरी केलं होतं ना? आमचीपण म्हणतेय. करू द्यावं का?" विचारताना आईचा आवाज जरा खाली गेलेला असतो. रोबोटिक्सच्या वर्गाबद्दल विचारताना तो तसा जात नाही.

चहा संपेपर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. पालकांसाठी लिहितेच आहे, पण आपल्या शिक्षक मंडळींसाठीही, कारण पुष्कळदा मुलं घरी बोलायच्या आधी तुमच्याशी बोलतात.

आधी हे "नर्सिंगचं काहीतरी" म्हणजे काय ते बघू. हा सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा, म्हणजे सीएनएचा, अभ्यासक्रम. सीएनए म्हणजे नर्स नव्हे. तो औषधं देत नाही, इंजेक्शन टोचत नाही. तो माणसाला अंघोळ घालतो, कपडे बदलतो, भरवतो, कुशीवर वळवतो, बेडपॅन देतो, चालायला आधार देतो, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवतो आणि काही वेगळं दिसलं तर नर्सला जाऊन सांगतो. काम बहुतेक करून नर्सिंग होममध्ये. इथं एक घोटाळा होतो तो सांगून टाकते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खाजगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे ज्यांना रोजच्या हालचालींसाठीही माणूस लागतो अशा लोकांची राहायची जागा. कुणी ऑपरेशननंतर काही आठवडे असतं, कुणी शेवटपर्यंत. त्यांना तिथं पेशंट म्हणत नाहीत, रेझिडेंट म्हणतात. तिथं राहणारे. मुलांना पहिल्या दिवशी हाच शब्द शिकवतात.

हे शिक्षण सक्तीचं झालं त्याला फार वर्षं झाली नाहीत. नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांना पलंगाला बांधून ठेवणं, पाठीला जखमा होईपर्यंत एकाच कुशीवर पडू देणं, असले प्रकार सर्रास चालायचे. १९८६ मध्ये त्यावर मोठा अहवाल आला आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं कायदा केला. त्या कायद्यानं नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक झाली. राज्यांना वाढवायची मुभा आहे. आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियात १६० तास लागतात, त्यातले ६० वर्गातले आणि १०० प्रत्यक्ष कामाचे, आणि वय किमान १६. म्हणूनच इथल्या काही सरकारी शाळा अकरावी-बारावीच्या मुलांना हा अभ्यासक्रम घेऊ देतात.

त्या कायद्यातली एक तरतूद शिक्षक म्हणून मला फार आवडते. कुठल्याही रेझिडेंटला हात लावण्याआधी मुलांना कमीत कमी १६ तास काही ठराविक गोष्टी शिकवल्याच पाहिजेत: माणसाशी बोलायचं कसं, संसर्ग कसा टाळायचा, घशात घास अडकला किंवा आग लागली तर काय करायचं, समोरच्याला जेवढं स्वतःचं स्वतः करता येतंय तेवढं करू कसं द्यायचं, आणि त्याचे हक्क काय आहेत. हे झाल्यावर मग बेडपॅन. अभ्यासक्रम आखताना आपण "आधी काय, मग काय" यावर किती डोकं फोडतो! इथं तो क्रम चक्क कायद्यात आहे.

आता आमच्या घरचं सांगते. लेकीनं संमतीचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा तिच्या बाबांचं पहिलं वाक्य होतं, "लोकांची ढुंगणं धुवायला आलो का आपण इथं?" मी गप्प राहिले. वाक्य त्यांचं असलं तरी तो प्रश्न मलाही पडला होताच. आपल्या मुलांनी नेमकं काय काय करू नये, याची एक यादी आपल्या मनात असते. ती यादी आपण कधी तयार केलेली नसते, ती जातीबरोबर, घराबरोबर येते. हॉस्पिटलात आया आणि वॉर्डबॉय करतात ते काम त्या यादीत बऱ्यापैकी वर असतं.

लेक म्हणाली, "मग आजीचं कोण करतं?"

माझ्या सासूबाई पुण्यात असतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ, सगळं बघायला ब्युरोतून एक मावशी येतात. दिवसाचे बारा तास. मावशींचं आडनाव त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. बाबांनी सही केली, पण त्या रात्री नाही. दोन दिवसांनी, कामावर निघताना, काही न बोलता केली.

मग आमच्या घरी सुरू झाला सराव. परीक्षेत लेखी पेपर असतो, शिवाय ठरलेल्या यादीतली काही कामं परीक्षकासमोर करून दाखवायची असतात. कुठली निघतील ते आधी कळत नाही. हात धुणं मात्र प्रत्येक वेळी असतंच. त्यामुळे आमच्या सोफ्यावर रेझिडेंट म्हणून कायमची मी. दार नसलेल्या हॉलमध्ये लेक हवेत टकटक करायची, मला माझं नाव विचारायची, आपलं सांगायची आणि काय करणार आहे ते आधी बोलून दाखवायची. दर वेळी. मी एकदा म्हटलं, "अगं, माहितेय मला, कर लवकर." तर म्हणाली, "न सांगता हात लावला तर नापास."

मी त्या सोफ्यावर जे शिकले ते सांगायचा मोह आवरत नाही. ज्याची एक बाजू दुबळी आहे त्याला सदरा घालताना दुबळा हात आधी घालायचा, काढताना धडका हात आधी काढायचा. उलट केलं की दुबळा हात पिरगाळला जातो. डोळा पुसताना नाकाकडून कानाकडे आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा कोपरा. कवळी धुताना बेसिनमध्ये आधी टॉवेल अंथरायचा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही, आणि गरम पाणी वापरायचं नाही कारण ती वाकडी होते. श्वास मोजायचे ते न सांगता. मोजतोय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि छातीकडे बघत राहायचं. भरवताना आपण उभं राहायचं नाही, बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. पहिला घास कशाचा हवा ते विचारायचं. आणि खोलीतून निघताना बेलचं बटण हाताशी ठेवलं की नाही, ते बघितल्याशिवाय निघायचं नाही.

मी गेली कित्येक वर्षं मुलांना शिकवतेय, पण एवढ्या बारकाईनं लिहिलेला "सौजन्य" हा धडा मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात पाहिला नाही.

याच सुमारास मराठी शाळेच्या मोठ्या वर्गात मी एक तास वेगळा घेतला. फळ्यावर शब्द लिहिला, शुश्रूषा. आधी शुद्धलेखन, कारण पहिला शु ऱ्हस्व आणि श्रू दीर्घ, इथं मोठेही चुकतात. मग अर्थ विचारला. कुणी "सेवा" म्हणालं, कुणी "आजारी माणसाला बघणं". मग सांगितलं की हा शब्द "श्रु" म्हणजे ऐकणं या धातूपासून आलाय. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायचं, मग त्याचं सांगितलेलं करायचं, त्यातून सेवा आणि त्यातून आजाऱ्याची देखभाल, असा तो अर्थ सरकत आला. एक मुलगा म्हणाला, "मग नर्सचं काम ऐकायचं असतं?" म्हटलं, माझ्या घरी एक विद्यार्थिनी आहे, तिला विचारू. लेक येऊन वर्गात अर्धा तास बोलली.

त्या अर्ध्या तासात एक गोष्ट लख्ख दिसली. आपल्या मुलांना मोर, सूर्य, दिवाळी, फराळ, सगळं मराठीत सांगता येतं. पण "कूस बदला", "चूळ भरा", "टेकून बसा", "कुठं दुखतंय, ठणकतंय की जळजळतंय?" हे येत नाही. "उचकी" माहीत नव्हती, "उमासे" माहीत नव्हते, "ग्लानी" तर नाहीच. आणि शी-शू सोडून त्या गोष्टींना मोठ्या माणसाशी बोलताना काय म्हणायचं यावर वर्गात दहा मिनिटं हसाहशी चालली होती. शेवटी "संडास-लघवी" यावर एकमत झालं. ज्यांच्या घरी भारतातून आजी-आजोबा राहायला येतात त्या मुलांना हे शब्द कवितेइतकेच लागतात. शिक्षकांनो, हा तास तुमच्याकडेही घेऊन बघा. साहित्य म्हणून एक टॉवेल, एक उशी आणि एक न लाजणारा पालक पुरतो.

असो. मूळ विषयाकडे येते, कारण सगळं काही असं गोड नसतं, आणि सही करण्यापूर्वी पालकांना ते माहीत असायला हवं.

प्रत्यक्ष कामाचे १०० तास म्हणजे दिवसाचे आठ धरले तर तेरा शनिवार. लेक सकाळी सहाला घराबाहेर पडायची. पहिल्या शनिवारी परत आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि तासभर बाहेर आली नाही. वास केसांत बसलाय म्हणाली. दुसऱ्या शनिवारी एका आजोबांनी तिच्या हातावर चापट मारली. डिमेन्शिया होता, त्यांना ती कोण हेच कळलं नव्हतं. तिनं नियमाप्रमाणे मागं होऊन नर्सला सांगितलं, आणि मला मात्र आठवड्यानं सांगितलं. तिथल्या माणसांची नावं ती घरी सांगत नसे, हाही नियम. आम्हाला ते सगळे "खिडकीजवळच्या आजी", "पत्तेवाले आजोबा" असेच माहीत.

खिडकीजवळच्या आजींना ती तीन आठवडे दुपारचं जेवण भरवत होती. चौथ्या शनिवारी तो पलंग रिकामा होता, नवी चादर घातलेली. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी सगळ्या मुलांना बाजूच्या खोलीत बसवलं, दहा मिनिटं कुणी बोललं, कुणी नाही बोललं, आणि मग दुसऱ्या माणसांची जेवणाची ताटं आली म्हणून सगळी उठली. घरी आल्यावर लेकीनं मऊ वरण-भात मागितला. जेवताना एवढंच म्हणाली, "त्यांना आधी पीच लागायचं. जेवणाच्या आधी."

सोळाव्या वर्षी हे बघावं का? मला विचाराल तर, बघावं, पण एकटीनं नाही. त्या नर्सबाईंची दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात. म्हणून शाळेच्या माहितीसत्राला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी विचारण्याआधी हे विचारा की एखादा रेझिडेंट गेला तर मुलांशी कोण बोलतं. उत्तर द्यायला ते अडखळले तर जरा थांबा.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी. आमच्याकडे शाळेतर्फे असल्यानं फी पडली नाही. गणवेश, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, क्षयाची तपासणी, बोटांचे ठसे आणि परीक्षेचं शुल्क एवढा खर्च आला. शाळेबाहेरच्या संस्था हाच अभ्यासक्रम पैसे घेऊन चालवतात. तिकडे धावण्याआधी हे लक्षात ठेवा की नर्सिंग होमनं कामावर घेतलेल्या किंवा काम द्यायचं कबूल केलेल्या माणसाकडून प्रशिक्षणाचे पैसे घ्यायला केंद्रीय नियमांनी मनाई आहे. काम मिळालं तर अठराखालच्या मुलांना कॅलिफोर्नियात वर्क परमिटही लागतं, ते शाळेमार्फतच होतं.

पाठीची काळजी हा वेगळा मुद्दा. या कामात पाठ, खांदे दुखावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. माणसाला उचलायचं विजेवर चालणारं यंत्र अठरा वर्षांखालच्यांनी एकट्यानं चालवायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. २०११ मध्ये कामगार खात्यानं एवढीच ढील दिली की ७५ तासांचं प्रशिक्षण झालेली १६-१७ वर्षांची मुलं, काही अटींवर, प्रशिक्षित मोठ्या माणसाच्या जोडीला मदत करू शकतात. जागा भरलेल्या नसतात, माणसं कमी असतात, मग "जरा एकटीच कर गं" असं कुणीतरी म्हणतंच. मुलीला "नाही" म्हणायचं वाक्य पाठ करून पाठवा. आमच्या लेकीला ते दोनदा वापरावं लागलं.

आणि आता कॉलेजच्या अर्जाबद्दल, कारण चहाच्या टेबलावरचा दुसरा प्रश्न तोच असतो. "मेडिकलला उपयोग होतो ना?" होतो. काही नर्सिंगचे अभ्यासक्रम तर प्रवेशासाठी सीएनए मागतात. पण फक्त त्यासाठी करत असाल तर माझं मत स्पष्ट सांगते: नका करू. अर्जात एक ओळ वाढावी म्हणून कुणा म्हाताऱ्या माणसानं अनोळखी मुलीपुढे उघडं व्हावं, हे मला पटत नाही. शिवाय व्यवहारातही ते टिकत नाही. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. बारावीत परीक्षा दिली, कॉलेजला गेली, काम केलंच नाही, की दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतं उरतं.

ज्यांना खरंच नर्स व्हायचंय त्यांना मात्र हा पहिला पायऱ्यांचा भाग आहे. पुढं साधारण वर्षभराचा एलव्हीएन, मग कम्युनिटी कॉलेजातून किंवा चार वर्षांच्या पदवीतून आरएन. आणि काहीजणांना तेरा शनिवारांत कळतं की हे आपलं काम नाही. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीला तिसऱ्याच शनिवारी कळलं. तिच्या आईला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, अहो, हे चार वर्षांची फी भरल्यावर कळण्यापेक्षा बरं नाही का?

पगार कमी असतो, तो लपवत नाही. अमेरिकेत दहा लाखांहून जास्त माणसं हे काम करतात, बहुतेक बायका, त्यातल्या पुष्कळ दुसऱ्या देशांतून आलेल्या. लेक बारावीत दर शनिवारी कामाला जायची तेव्हा तिच्या पाळीत फिलिपिन्सच्या दोघी आणि इथिओपियाच्या एक बाई होत्या. त्या तिला डबा आणायला लावायच्या आणि स्वतःच्यातलं अर्धं तिच्या डब्यात घालायच्या.

पुण्याचं राहिलंच. परीक्षा पास झाल्यावर लेकीनं व्हिडिओ कॉलवर मावशींना सदऱ्याचं ते तंत्र उत्साहानं दाखवायला घेतलं, आधी दुबळा हात, मग धडका. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग हसून म्हणाल्या, "तसंच घालते की मी, बाळा. नाहीतर आजी वरडत्यात." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिकडं ह्याची परीक्षा घेत्यात?" लेकीनं हो म्हटलं. लेखी पण असते, प्रमाणपत्र मिळतं, राज्याच्या यादीत नाव लागतं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "मला बावीस वर्षं झाली."

त्यांचं आडनाव लेकीनं त्याच कॉलवर विचारून घेतलं. आता आमच्या घरी त्यांचा उल्लेख आडनावानिशीच होतो. पगार वाढवायचं बाबांनी स्वतःहून काढलं. त्यावर आमच्यात अजून बोलणं चालू आहे, कारण ब्युरो मधलं किती कापून घेतं ते नीट कळत नाही.

मावशींना दाखवलेल्यातली एक गोष्ट मात्र नवीन होती, ती म्हणजे चालताना माणसाच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा. तोल गेला तर दंडाला धरून ओढायचं नाही, पट्ट्याला धरायचं आणि सावकाश खाली टेकवायचं. दिवाळीत पुण्याला जाणाऱ्या एका मैत्रिणीच्या बॅगेतून लेकीनं तो पाठवला. पंधरा दिवसांनी मावशींचा निरोप आला की पट्टा झकास आहे, पण बक्कल गाऊनवरून आजींना टोचतं, म्हणून त्या खाली पंचाची घडी घालतात.